काळ्या मातीत बॉटलब्रश : विदर्भातल्या अंगणासाठी लावणीपासून छाटणीपर्यंत

होळीच्या आसपास आपल्याकडच्या अंगणांची रया जायला लागते. शेवंती-झेंडू केव्हाच संपलेले असतात, गुलाब उन्हाला कंटाळलेला असतो आणि मोगऱ्याला अजून अवकाश असतो. नेमक्या त्या दिवसांत, रानात पळस फुललेला असताना, अंगणात बॉटलब्रश लाल होतो. बाटली धुवायच्या ब्रशसारखे लाल तुरे, त्यांच्यावर लोंबकळणारे शिंजीर आणि सकाळभर मधमाश्यांचा गलका. शहरात हे झाड रस्त्याच्या दुभाजकांवर आणि सरकारी बंगल्यांसमोर दिसतं, म्हणून ते नाजूक आणि खर्चिक असावं असा गावाकडे एक समज आहे. तसं काही नाही. मात्र आपल्या मातीत लावायचं तर दोन-चार गोष्टी आधीच नीट करून घ्याव्या लागतात. मागाहून त्या करता येत नाहीत.

हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागातलं, म्हणजे क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाकडचं. ओढ्यांच्या काठी आणि दलदलीच्या कडेला ते वाढतं. जोसेफ बँक्स हा वनस्पतींचा अभ्यासक १७७० मध्ये कॅप्टन कुकच्या जहाजावरून तिकडे गेला होता. त्याच्यामुळेच १७८९ मध्ये लाल बॉटलब्रश इंग्लंडच्या बागांत पोचला. कुळ म्हणाल तर आपल्या ओळखीचंच आहे. जांभूळ, पेरू, लवंग आणि निलगिरी ही सगळी त्याची भावकी. पान चुरगाळून वास घेतलात तर निलगिरीशी असलेलं नातं लगेच कळतं. फुलात आपल्याला जे लाल दिसतं त्या पाकळ्या नसतात, ते पुंकेसर असतात. पाकळ्या बारीक, हिरवट असतात आणि त्या कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. मोबाइलवर शोधलं तर या झाडाची बरीच माहिती ऑस्ट्रेलियातल्या लोकांनी लिहिलेली सापडते. ती चांगली असते, पण तिकडचे ऋतू आपल्या उलट. त्यांचा वसंत सप्टेंबरात येतो आणि कडक उन्हाळा डिसेंबर-जानेवारीत. त्यामुळे ‘नोव्हेंबरमध्ये छाटा’ असं वाचून कोणी इथे नोव्हेंबरात कात्री चालवली, तर फाल्गुनातला सगळा बहर हातानं कापला जातो. दिशांचंही तसंच. तिकडे सूर्य उत्तरेकडे कललेला असतो, म्हणून ते ‘उत्तरेची उन्हाची जागा’ सुचवतात. आपल्याकडे वर्षभराचं ऊन हवं असेल तर दक्षिण बाजू बघायची आणि भाजणारं ऊन टाळायचं असेल तर पश्चिम बाजू झाकायची.

कोणतं रोप आणायचं

नर्सरीत साधारण दोन प्रकार मिळतात. एक ताठ वाढणारा, आठ-दहा फुटांचं झुडूप होणारा. त्याची पानं जरा रुंद आणि कडक असतात. दुसरा झुकत्या फांद्यांचा, विलोसारखा खाली लोंबणारा. हा पुढे पंधरा-वीस फुटांपर्यंतही जातो. नर्सरीवाला दोन्हींना नुसतं ‘बॉटलब्रश’ म्हणतो, म्हणून फांद्या बघून आपणच ठरवायचं. घरासमोर, खिडकीजवळ किंवा विजेच्या तारेखाली जागा असेल तर ताठ झुडूप घ्या. विहिरीजवळ, गोठ्याच्या पलीकडे किंवा शेतातल्या घराच्या फाटकाशी झुकता प्रकार शोभतो. ‘लिटल जॉन’ नावाची एक ठेंगणी जात आहे. ती तीन फुटांच्या आसपास राहते आणि कुंडीसाठी उत्तम, पण ती मोठ्या नर्सऱ्यांतच मिळते आणि महागही पडते.

फुलांनी डवरलेलं रोप बघून भुलू नका. छोट्याशा पिशवीत फुललेलं रोप बहुतेकदा पिशवीत फार दिवस अडकलेलं असतं. पिशवीच्या तळातून मुळं बाहेर आली असतील तर आत ती गोल गोल गुंडाळली गेली आहेत असं समजा. दोन-अडीच फुटांचं, बुडाशी जाड, फांद्या फुटलेलं आणि शेंड्याची पानं हिरवीगार असलेलं रोप घ्या. शेंड्याची पानं नर्सरीतच पिवळी असतील तर तिथेच ठेवून या.

आपल्याकडच्या बऱ्याच नर्सऱ्यांत माल आंध्रातून, राजमुंद्रीजवळच्या कडियमहून येतो. ही रोपं लाल चिकण मातीच्या घट्ट गोळ्यात वाढवलेली असतात. तो गोळा तसाच काळ्या मातीत पुरला तर पुढे विचित्र अडचण येते. वरून पाणी घातलं की आजूबाजूची काळी माती ओली होते आणि लाल गोळा आतून कोरडाच राहतो. माणूस म्हणतो, ‘पाणी तर रोज देतो, तरी वाळलं कसं?’ म्हणून लावण्याआधी पिशवी कापून गोळा बादलीभर पाण्यात बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा आणि मग कडेची माती बोटांनी सैल करा. गुंडाळलेली मुळं हलक्या हातानं सोडवा. जी सुटत नाहीत ती धारदार ब्लेडनं उभी चिरा.

माती : इथे घाई करू नका

मे महिन्यात अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि जमलेलं बॉटलब्रश तेही सोसतं. विदर्भात हे झाड उन्हानं सहसा मरत नाही. ते बिघडतं मातीमुळे, आणि त्याहून जास्त आपण त्या मातीत जे जे घालतो त्यामुळे.

अडचण अशी आहे. आपल्या काळ्या भारी जमिनीत चुनखडी असते आणि सामू, म्हणजे मातीचा पीएच, ८ च्या आसपास किंवा वर असतो. बॉटलब्रशला किंचित आंबट माती आवडते. चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण ते अशा रूपात अडकून पडतं की मुळांना उचलता येत नाही. वरून पावसाळ्यात भारी जमिनीत पाणी तुंबतं. आता कोणी म्हणेल, हे तर ओढ्याकाठचं झाड, त्याला पाण्याचा काय त्रास? ओढ्याकाठी वाळू-गोट्यांतून पाणी वाहतं राहतं, मुळांना हवा मिळते. काळ्या मातीत ते साचून राहतं, हवा कोंडते आणि चुन्याचा त्रास दुप्पट होतो. उन्हाळ्यात तीच माती आकसून भेगाळते आणि भेगांबरोबर बारीक मुळं तुटतात.

म्हणून लावण्याआधी दोन साध्या परीक्षा करा. पहिली पाण्याची. फूटभर खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा, जिरू द्या, संध्याकाळी पुन्हा भरा. सकाळी त्यात पाणी दिसलं तर त्या जागी सपाटीवर झाड लावायचं नाही. दुसरी चुन्याची. वाळलेल्या ढेकळावर संडास धुवायच्या आम्लाचे चार थेंब टाका, हातात मोजे घालून आणि तोंड लांब ठेवून. माती फसफसली की चुनखडी आहे. जोरात फसफसली तर भरपूर आहे. तसं पाहिलं तर वावरात नांगरताना पांढरे खडे वर येत असतील तर ही परीक्षा करायचीही गरज नाही. सामूचा नेमका आकडा हवा असेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात माती तपासून मिळते.

अख्ख्या विदर्भाची माती एक नाही, हेही लक्षात ठेवा. यवतमाळ, वर्धा, अमरावती, अकोला या कापसाच्या पट्ट्यात वरचा सगळा त्रास होतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या लालसर, हलक्या जमिनीत चुन्याचा प्रश्न कमी. तिथे पाऊस जास्त, म्हणून धानाच्या बांदीजवळची पाणी धरणारी जागा तेवढी टाळायची. बरड जमीन, जिला आपण एरवी नाव ठेवतो, ती या झाडाला मानवते. मुरमाड उतारावर लावलेलं बॉटलब्रश पहिली दोन वर्षं पाणी मागतं आणि पुढे सुखानं राहतं. सगळ्यात अवघड जागा म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा. तिथे जमिनीत लावण्याच्या फंदात पडू नका. शेततळ्याचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर मोठ्या कुंडीत लावा.

उंचवटा करून लावणी

झाड लावायचं म्हटलं की आपण दोन बाय दोन बाय दोनचा खड्डा खणतो आणि त्यात शेणखत, वाळू, गाळ भरतो. मुरमाड जमिनीत ही पद्धत ठीक आहे. भारी काळ्या जमिनीत मात्र आजूबाजूचं सगळं पाणी त्या भुसभुशीत खड्ड्यात उतरतं आणि तिथेच थांबतं. त्यापेक्षा मातीचा उंचवटा करा. वैशाखात, जमीन कोरडी असताना, चार-पाच फूट व्यासाची जागा वीतभर खोल कुदळून घ्या. तिच्यावर दोन भाग तिथलीच माती, दोन भाग बारीक मुरूम आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत असं मिसळून फूट-दीड फूट उंच ढीग घाला. मुरूम घेताना चुनखडीचा पांढरट मुरूम नको, तांबडा घ्या. पैनगंगेची किंवा वैनगंगेची जाड रेती मिळत असेल तर थोडी चालते. बारीक रेती काळ्या मातीत मिसळली तर घट्ट थर होतो, ती नको. ढीग महिनाभर तसाच राहू द्या, वळवाच्या सरीत तो बसतो आणि मग रोप खाली खचत नाही.

शेणखत पूर्ण कुजलेलं असावं हे मी उगाच लिहीत नाही. अर्धवट कुजलेल्या खताबरोबर हुमणी येते, वाळवीही येते आणि दोघींनाही कोवळी मुळं आवडतात.

लावणीची वेळ मृगात चांगला पाऊस होऊन जमीन थंड झाल्यावर. पहिल्या सरीला धावू नका. पाऊस दडी मारतो आणि जमिनीतली वाफ रोपाला शेकून काढते. जूनचा शेवट ते जुलैचा मध्य हा काळ बरा. ढगाळ दिवशी, दुपार कलल्यावर लावा. रोप पिशवीत जेवढं खोल होतं तेवढंच खोल ठेवा, बुडाशी माती चढवू नका. बाजूनं माती दाबताना पायानं तुडवायचं नाही, हातानं दाबा. एक काठी रोवून सैल सुतळीनं बांधा. कुंपणासारखी ओळ लावायची असेल तर दोन झाडांत पाच-सहा फूट आणि एकटं झाड असेल तर भिंतीपासून दहा फूट अंतर ठेवा.

बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण पहिल्याच दिवशी करा. जून झालेली पानं बकऱ्या फारशा खात नाहीत, पण कोवळा शेंडा चाखून बघितल्याशिवाय राहत नाहीत. बाकी गुराढोरांना या झाडापासून धोका नाही. आपल्याकडे गोठ्याशेजारी हौसेनं कण्हेर लावतात, आणि ती तर चांगलीच विषारी. त्या जागी बॉटलब्रश केव्हाही बरं.

खत आणि पाणी

डीएपी घालू नका. हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहिलं असतं तरी चाललं असतं, कारण घरात कपाशीसाठी आणलेल्या या रासायनिक खताचं अर्धं पोतं उरलेलं असतं आणि मूठभर झाडाला टाकायचा मोह होतोच. ऑस्ट्रेलियातल्या जुन्या, झिजलेल्या जमिनींत स्फुरद (फॉस्फरस) फार कमी असतं आणि तिथली झाडं तशाच मातीत वाढलेली. ग्रेव्हिलिया आणि बँक्सिया या तिकडच्याच झुडपांना जास्त स्फुरद सरळ मारक ठरतं. बॉटलब्रश तितकं हळवं नाही, पण डीएपीत ४६ टक्के स्फुरद असतं आणि ते आधीच दुर्मीळ असलेलं लोह आणखी अडकवतं. पावसाळा संपताना घमेलंभर जुनं खत बुडापासून हातभर लांब पसरलं की वर्षाचं काम झालं. चुलीची राखही या झाडाखाली टाकू नका. राखेनं सामू वाढतो. घर रंगवल्यावर उरलेला चुना, बांधकामाचा मलबा, सिमेंटचं धुवण यांचंही तेच.

पाण्याबाबत सवय बदलावी लागते. रोज लोटाभर पाणी घातलं की मुळं वरच राहतात आणि मे महिन्यात वरची चार बोटं माती तापली की झाड मान टाकतं. पहिल्या हिवाळ्यात आठवड्यातून एकदा, पहिल्या उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी, पण प्रत्येक वेळी बादलीभर आणि सावकाश, सकाळी लवकर. दुसऱ्या उन्हाळ्यात आठवड्यानं. तिसऱ्यापासून पंधरवड्यानं दिलं तरी चालतं. माती बोटानं उकरून बघा. दोन बोटं खाली ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको. शेजारी संत्र्याची बाग असेल तर ठिबकची एक नळी ओढून घेण्याची कल्पना सुचते, आणि ती चांगली आहे. फक्त ड्रिपर खोडाशी न ठेवता दीड फूट लांब ठेवा. आंबिया बहरासाठी संत्र्याला ताण देता तसा या झाडाला द्यायची गरज नसते, म्हणून नळीला वेगळी चावी बसवा.

बोअरचं पाणी जड असेल तर चुन्याचा थर मातीवर साचत जातो. पावसाळ्यात छपराचं पाणी ड्रममध्ये धरून कुंड्यांसाठी ठेवता आलं तर सोन्याहून पिवळं. आणि कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना ओतायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे, ती बॉटलब्रशपुरती तरी सोडा. कूलरमध्ये पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. टाकीतलं शेवटचं पाणी बोअरच्या पाण्याहूनही जड असतं.

पहिला उन्हाळा

मार्च लागला की बुडाभोवती चार बोटं जाडीचं आच्छादन करा. सोयाबीनचं कुटार, धानाची तणस, वाळलेला पाला, जे असेल ते. खोडाला चिकटू देऊ नका, चार बोटं जागा मोकळी सोडा, नाहीतर वाळवी चढते. आच्छादनानं जमीन भेगाळतही नाही. तरी भेग पडलीच तर तिच्यात खत आणि मुरूम लोटून पाणी सोडा.

पश्चिमेच्या बाजूनं सावली करा. हिरवी जाळी विकत आणायची गरज नाही. पऱ्हाट्या किंवा तुराट्या रोवून छातीइतका ताटवा उभा केला की पुरे. वरून झाकू नका, सकाळचं ऊन हवंच. पाऊस लागला की ताटवा काढून टाका. दुसऱ्या वर्षी सहसा लागत नाही. मे महिन्याच्या दुपारी शेंडे थोडे मलूल दिसले तर घाबरून पाणी ओतू नका. संध्याकाळी ते पुन्हा ताठ होतात का ते बघा. सकाळीसुद्धा मलूल असतील तरच पाण्याची कमतरता समजा.

धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लावलं असेल तर एक वेगळीच काळजी घ्यावी लागते. एप्रिल-मे मध्ये धुरे पेटवायची आपली रीत आहे. या कुळातल्या झाडांच्या पानांत तेल असतं आणि वाळकं गवत बुडाशी असेल तर कोवळं झाड एका झटक्यात जातं. जून झाड बुडातून पुन्हा फुटू शकतं, ऑस्ट्रेलियातल्या वणव्यांत ते तसंच टिकत आलं आहे. दोन वर्षांच्या रोपाकडून ती अपेक्षा करू नका. भोवतालचं चार फूट गवत आधीच काढून ठेवा आणि शेजारच्या वावरवाल्यालाही सांगून ठेवा.

पानं पिवळी पडली तर

संत्रा बागाईतदाराला हे वेगळं सांगावं लागत नाही. शेंड्याची नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या आणि खालची जुनी पानं चांगली, असं असेल तर लोहाची कमतरता. याउलट जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे. सगळंच झाड मलूल पिवळं दिसत असेल तर बुडाशी पाणी तुंबलंय का बघा. बघताच युरिया टाकू नका. लोहाच्या कमतरतेत युरियानं नवी पालवी फुटते आणि तीही पिवळीच येते.

तातडीचा उपाय म्हणजे हिराकसची (फेरस सल्फेटची) फवारणी. एक लिटर पाण्याला ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे १५ लिटरच्या पंपाला ७५ आणि १५ ग्रॅम. आधी पाण्यात आम्ल विरघळवा, मग हिराकस, आणि ताजंच फवारा. तपकिरी झालेलं द्रावण फेकून द्या. उन्हं कलल्यावर, पानांच्या दोन्ही बाजूंनी, पंधरवड्याच्या अंतरानं दोन-तीन वेळा. भिंतीवर आणि फरशीवर उडालं तर तांबडे डाग जात नाहीत. पंप कोणता वापरता तेही बघा. ज्या पंपानं टू-फोर-डी हे तणनाशक मारलं असेल तो धुतला तरी या कामाला नको. त्याचा अंश कपाशीची पानं कशी वाकडी करतो ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

फवारणीनं पानं हिरवी होतात, पण नवी पालवी पुन्हा पिवळी येऊ शकते, कारण माती तीच आहे. मातीत नुसता हिराकस टाकून चुनखडीच्या जमिनीत काही होत नाही, तो तिथेच अडकतो. कृषी केंद्रात चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये असं बांधलेलं लोह, मागाल तेव्हा पुडीवर ईडीडीएचए लिहिलेलं आहे का ते वाचा. स्वस्तातलं ईडीटीए सामू ७ च्या वर टिकत नाही. ईडीडीएचए महाग असतं, म्हणून ते एखाद-दुसऱ्या आवडत्या झाडालाच परवडतं. वर्षानुवर्षं हेच करावं लागत असेल तर जागा चुकली असं मानून पावसाळ्यात दुसरं रोप उंचवट्यावर किंवा कुंडीत लावणं शहाणपणाचं. कुंडी चौदा-सोळा इंची, मातीची किंवा प्लास्टिकची. सिमेंटची नको, तिच्यातून चुना सुटतो. काळी माती अजिबात नको. तांबडी माती, पानांचं खत, कोकोपीट आणि जाड रेती समप्रमाणात घ्या.

छाटणी

या झाडाची वाढ जरा गमतीची. तुरा फांदीच्या टोकाला येतो आणि फूल सुकलं की फांदी तुऱ्याच्या टोकातूनच पुढे वाढते. तुऱ्याच्या जागी खोडाला चिकटलेल्या लहान टणक बोंडांची माळ राहते, तीही वर्षानुवर्षं. छाटलं नाही तर फांद्या लांब, उघड्या होतात आणि फुलं टोकाटोकांवर, आपल्या नजरेच्या वर जातात. गावातली बरीच बॉटलब्रश अशी खाली काटक्या आणि वर चार फुलं अशीच दिसतात.

सुकलेल्या तुऱ्याच्या लगेच मागे, जिथे पानं आहेत तिथे, सिकेटरनं कापा. तिथून दोन-तीन फांद्या फुटतात आणि पुढच्या बहराला तितकेच तुरे जास्त. हे काम बहर ओसरला की लगेच, मार्चअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीला. एवढीच हलकी छाटणी त्या दिवसांत करा. उन्हाळ्याच्या तोंडावर जास्त कापलं तर आतल्या सावलीतल्या फांद्या उघड्या पडून त्यांची साल भाजते. झाडाला आकार द्यायचा असेल, एक तृतीयांशापर्यंत कमी करायचं असेल, तर पाऊस लागल्यावर. त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरचा छोटा बहर जाईल, तो जाऊ द्या. दिवाळीनंतर कात्री लावायची नाही, पुढच्या होळीची फुलं त्या शेंड्यांत असतात.

खूप जुनं, काटकुळं झालेलं झाड ताब्यात आलं असेल तर एकदम बुडखा करू नका. तीन पावसाळ्यांत, दर वर्षी एक तृतीयांश जुन्या फांद्या, असं हळूहळू खाली आणा.

घरच्या घरी रोपं

बियांपासून रोप होतं, पण वेळखाऊ. वर्षभराहून जुनी बोंडं काढून कागदी पाकिटात घालून उन्हात ठेवली की काही दिवसांत उघडतात आणि धुळीसारखं बी सांडतं. ऑक्टोबरात, ऊन सौम्य असताना, चाळलेल्या रेती-खतावर ते नुसतं भुरभुरवा, वरून माती घालू नका. कुंडी परातीतल्या पाण्यात ठेवून खालून ओल द्या. वरून झारीनं पाणी घातलं तर बी वाहून जातं. दोन-तीन आठवड्यांत अंकुर दिसतात, फुलं मात्र चार-पाच वर्षांनी. शिवाय आईच्या रंगाची येतीलच असं नाही.

म्हणून काडी लावा. पोळ्याच्या सुमारास, यंदाच्या वाढीची, पण जरा टणक झालेली, पेन्सिलीहून बारीक फांदी निवडा. फूल नसलेली. वीतभरापेक्षा थोडी कमी काडी कापा, खालच्या अर्ध्या भागाची पानं काढा, बुडाला रूटिंग पावडर लावा आणि रेती-कोकोपीटच्या ओलसर मिश्रणात खोचा. वर बूड कापलेली प्लास्टिकची बाटली पालथी घालून कडुनिंबाच्या सावलीत ठेवा. बाटलीचं झाकण दिवसातून एकदा थोडा वेळ उघडा, नाहीतर बुरशी धरते. दोन महिन्यांनी काडी हलक्या हातानं ओढून बघा. अडली तर मुळं आलीत. सगळ्या काड्या लागत नाहीत, म्हणून हव्यात त्याच्या दुप्पट लावा. दिवाळीनंतर पिशवीत, पहिला उन्हाळा सावलीत आणि पुढच्या मृगात जमिनीत.

कीड-रोगांचा फारसा ताप नाही. पिठ्या ढेकूण आणि खवले कीड दिसली, मुंग्यांची रांग लागली, तर साबणाच्या पातळ पाण्याचा फवारा आणि धरलेली फांदी कापून टाकणं पुरतं. फुलं असताना कसलंही कीटकनाशक मारू नका. सातेरी, फुलोरी, आग्या अशा सगळ्या माश्या त्यावर असतात.

आणि लावायचं कुठे नाही, तेही ठरवून ठेवा. रायमुनिया आणि गाजरगवत बाहेरून येऊन आपल्या रानात कसं पसरलं ते सगळ्यांना माहीत आहे. बॉटलब्रश विदर्भात तसं पसरताना दिसत नाही, पण दक्षिण आफ्रिकेत त्याच्या काही जाती आक्रमक वनस्पतींच्या यादीत आहेत. बी बारीक, वाऱ्या-पाण्यानं जाणारं आणि ओलसर काठ आवडणारं. तेव्हा ओढ्या-नाल्याच्या काठी, तळ्याच्या पाळीवर आणि मेळघाट-ताडोब्यासारख्या जंगलाला लागून असलेल्या वावरात ते नको. तिथे करंज, अर्जुन, जांभूळ लावा. अंगणातल्या झाडाची छाटलेली बोंडंही नाल्यात फेकू नका. कापलेल्या फांदीवर ती वाळली की उघडतात, म्हणून छाटणीच्या दिवशीच गोळा करून चुलीत घाला.